चार खाने आहेत म्हणून चारही भरायलाच पाहिजेत असं नाही

पत्र आलंय सांगलीहून, गावभागातल्या एका ताईंचं. लांब होतं, थोडं आवरून देतो.

"नमस्कार दादा. मिस्टर लग्नाचे फोटो-व्हिडिओ शूट करतात, मी घरीच एडिटिंग आणि अल्बमचं बघते. इतक्या वर्षांचा डेटा दहा-बारा पोर्टेबल हार्ड डिस्कवर पडलाय, सगळा मिळून साडेआठ टीबी. कुठलं लग्न कुठल्या डिस्कवर ते डायरीत लिहिलेलं असतं आणि ती डायरी नेमकी सापडत नाही. वर्षाला २०-२५ लग्नं होतात. म्हणून आता मिस्टरांनी ४ खान्यांचा नास (हार्ड डिस्क बसवून नेटवर्कला जोडायचा डबा) घेतलाय, रिकामा. दुकानदार म्हणतोय सीसीटीव्हीचे ८ टीबीचे चार टाका, रेड-५ लावून देतो, मग बॅकअपचं टेन्शनच नाही. दिरांनी ऑनलाइन १६ टीबीचा रिफर्बिश्ड बघून ठेवलाय, नव्याच्या जवळजवळ निम्म्या भावात. मिस्टर म्हणतात हे सगळं कशाला, क्लाउडवर टाकू. माझं बजेट ८ टीबीचे चार चांगले ड्राइव्ह येतील एवढंच आहे. नास खाली स्टुडिओतच ठेवणार. माझं माहेर विट्याचं, भाऊ थोडाफार कॉम्प्युटरमधला आहे, पण त्याला विचारलं की तो मलाच उलट चार प्रश्न विचारतो. काय घेऊ ते एकदा नीट सांगा."

ताई, भाऊ बरोबर करतोय, कारण काय घ्यायचं हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न तो ठेवायचा कुठे. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ड्राइव्हचं काहीच नाही, "गावभाग" आणि "खाली स्टुडिओतच" हे दोन शब्द खटकले. २००५, २०१९, २०२१ चे पूर, मी साताऱ्यात बसून तुम्हाला सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटाला गेलं की इशारा आणि ४५ ला धोका हे तुमच्याकडं शाळेतल्या पोरालासुद्धा पाठ असतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागात काय झालं ते तुम्ही डोळ्यानं बघितलंय. आणि तुम्ही आता दहा-बारा ठिकाणी विखुरलेला डेटा एका डब्यात गोळा करून तो डबा तळमजल्यावर ठेवणार आहात.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. बजेट चार ड्राइव्हचं आहे ना, चारच घ्या, ८ टीबीचेच घ्या, पण डब्यात तीनच टाका. चौथा विट्याला पाठवा. आणि डबा वरच्या मजल्यावर न्या.

आता हे का, आणि चार म्हणजे नेमके कुठले, ते सांगतो, जरा वेळ लागेल.

दुकानदाराचं "रेड-५ लावलं की बॅकअपचं टेन्शन नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडायचं पण सोडून दिलंय. रेड-५ म्हणजे तीन-चार ड्राइव्ह मिळून एकासारखे वापरायची पद्धत, त्यात होतं काय, तर एक ड्राइव्ह मेला तरी बाकीच्यांवरून त्याचा डेटा परत तयार करता येतो, काम थांबत नाही, बास. एवढाच त्याचा उपयोग आणि तो चांगला उपयोग आहे, सीझनमध्ये ड्राइव्ह गेला तरी तुम्ही एडिटिंग करत राहाल. पण तुम्ही चुकून एक फोल्डर उडवलं तर ते चारही ड्राइव्हवरून त्याच क्षणी उडतं. व्हायरस शिरला तर चारही लॉक. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइल लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसनं, जगभर क्यूनॅप कंपनीचे नास लॉक केले होते, इंटरनेटला सरळ उघडे ठेवलेले, त्या लोकांच्याकडं पण रेड होतंच की. आणि पाणी आलं तर चार काय आणि आठ काय. बॅकअप म्हणजे वेगळ्या जागी ठेवलेली वेगळी कॉपी. जाणकार लोक ३-२-१ म्हणतात, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्यासाठी मी त्यातल्या शेवटच्या एकलाच धरून बसणार आहे.

जागेचा हिशोब बघू. ८ टीबीचे तीन रेड-५ मध्ये टाकले की वापरायला १६ टीबी मिळतात, एका ड्राइव्हएवढी जागा सुरक्षेला जाते. स्क्रीनवर १६ दिसणार नाही, साधारण साडेचौदा दिसेल, कुणी फसवलं असं समजू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या. तुमचा आजचा डेटा साडेआठ. चालू सीझनचं रॉ फूटेज वर येणार. 4K सेकंदाला शंभर मेगाबिटनं शूट केलं तर एका कॅमेऱ्याचं तासाला ४५ जीबी होतं, दोन कॅमेरे तीन-तीन तास चालले तर २७० जीबी, वर रॉ फोटो, म्हणजे एका लग्नाला ३०० जीबी धरा. एका वेळी दहा लग्नं हातात असली तर ३ टीबी. झाले साडेअकरा. म्हणजे आज नास पाऊण पण भरणार नाही. भरतही नेऊ नका, ८५ टक्क्यांच्या वर गेलं की हळू चालायला लागतं आणि तुमची चिडचिड वाढते.

पण इथं तुम्हाला एक ठरवावं लागेल आणि ते मिस्टरांशी भांडून ठरवा, रॉ फूटेज किती दिवस ठेवायचं. २५ लग्नांचं सगळं रॉ कायमचं ठेवायचं म्हटलं तर वर्षाला साडेसात टीबी लागतात आणि मग कुठलाच नास पुरणार नाही. अल्बम आणि फिल्म दिल्यावर ठरवलेल्या मुदतीपर्यंतच ठेवा, पावतीवर तसं छापा, नंतर उडवा. निवडलेले फोटो आणि फायनल फिल्म तेवढी कायम. असं केलंत तर वर्षाला दोन टीबीच्या आसपास वाढ होईल, म्हणजे साधारण वर्षभरानं तुम्हाला डब्यात चौथा ड्राइव्ह लागेल, तो खाना तेव्हासाठी रिकामा आहे. बहुतेक नासमध्ये रेड-५ ला चालू असतानाच एक ड्राइव्ह वाढवता येतो, १६ चे २४ होतात. वेळ खातं, पण होतं. आणि तो चौथा वर्षभरानंतर घेतलेला म्हणजे वेगळ्या लॉटचा असणार, हा वर फायदा, कारण एकाच खोक्यातून एकाच दिवशी काढलेले चार भाऊ आजारी पण बरोबरच पडायची शक्यता जास्त. आत्ताचे तीन सुद्धा जमलं तर दोन दुकानांतून घ्या.

एक मात्र म्हणणार नाही, की वर्षभर थांबा, स्वस्त होतील. हार्ड ड्राइव्हचे भाव कधी कशानं वर जातील सांगता येत नाही. मोठे ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्या जगात तीनच उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. २०११ ला थायलंडमध्ये पूर आला, वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात गेला, आणि इकडं आपल्याकडं पण हार्ड डिस्कचे भाव चढले. २०२१ ला चिया नावाच्या क्रिप्टोचं खूळ निघालं, ते हार्ड डिस्कवर चालायचं, तेव्हा परत तेच. त्यामुळं लागेल तेव्हा घ्यायचं, आधी भरून ठेवायचं नाही आणि लागत असताना थांबायचं पण नाही.

आता ड्राइव्ह कुठला. इथं खरी गोम आहे ती सीएमआर आणि एसएमआरची, बाकी सगळं त्याच्यानंतर.

सीएमआर आणि एसएमआर या ड्राइव्हमध्ये डेटा लिहायच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये प्लॅटरवर, म्हणजे आतल्या गोल तबकडीवर, डेटाच्या रेघा शेजारी शेजारी असतात, प्रत्येक आपली आपली. एसएमआरमध्ये जागा वाचवायला त्या रेघा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, कौलारू छपरावर कौलं असतात ना तशा. लिहायला पहिल्यांदा काही वाटत नाही, पण मधलं एक कौल बदलायचं म्हटलं की त्याच्यावरची सगळी उचलून परत लावायला लागतात. ड्राइव्ह पण तेच करतो, मधला डेटा बदलायला शेजारच्या रेघांची सगळी पट्टी परत लिहितो. साध्या कॉम्प्युटरमध्ये, अधूनमधून फाइल टाकली, काढली, चालून जातं, कारण रिकाम्या वेळात तो आपलं आवरून घेतो. पण रेडमध्ये एक ड्राइव्ह मेला आणि नवीन घातला की त्याच्यावर तासन् तास न थांबता लिहिलं जातं, त्याला आवरायला वेळच मिळत नाही, वेग कोसळतो, कधी कधी नासला वाटतं हा पण मेला आणि तो त्याला बाहेर काढतो. म्हणजे जो प्रसंग निभवायला रेड लावलं तिथंच ते मान टाकतं.

आणि हे खोक्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलनं नाससाठी म्हणून विकलेल्या रेड (हे लाल या अर्थाचं नाव, रेड-५ मधलं रेड नव्हे) सिरीजच्या २ ते ६ टीबीच्या काही ड्राइव्हमध्ये न सांगता एसएमआर घातलंय. बराच गदारोळ झाला, अमेरिकेत कोर्टकज्जे झाले, आणि मग त्यांनी सीएमआरवाले वेगळे काढून त्याला रेड प्लस नाव दिलं. म्हणून दुकानात "डब्ल्यूडी रेड द्या" म्हणू नका, "रेड प्लस" म्हणा, आणि लेबलवर प्लस बघून घ्या. सीगेटचं बघायचं तर आयर्नवुल्फ सगळे सीएमआर. पण त्यांचाच बाराकुडा ८ टीबी एसएमआर आहे, आणि तो स्वस्त असतो, आणि दुकानदार म्हणतो सेमच आहे हो. सेम नाहीये. लेबलवर मॉडेल नंबर असतो तो वाचा, एसटी८००० नंतर डीएम दिसलं तर तो बाराकुडा, व्हीएन दिसलं तर आयर्नवुल्फ. एवढी दोन अक्षरं बघितली तरी निम्मं काम झालं. तोशिबाचा एन३०० पण सीएमआर आहे, चांगला आहे, फक्त आवाज जरा जास्त करतो आणि आपल्याकडं प्रत्येक दुकानात मिळत नाही.

तिन्हीतला कुठला, असं विचाराल तर तुमच्यासाठी रेड प्लस किंवा आयर्नवुल्फ, जो त्या दिवशी टीबीमागं स्वस्त पडेल आणि ज्याचं बिल नीट मिळेल तो. दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी, दोन्ही वर्षाला १८० टीबी एवढ्या कामासाठी बनवलेले, तुमच्या हातून त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं पण होणार नाही. एखादी कंपनी फार चांगली आणि एखादी फार वाईट, असं काही नसतं हो, बॅकब्लेझ म्हणून अमेरिकेतली बॅकअप कंपनी आहे, ते आपल्या लाखो ड्राइव्हचे आकडे २०१३ पासून जाहीर करतायत, वर्षाला शंभरातले साधारण एक-दीड मरतात असं दिसतं, आणि फरक कंपनीपेक्षा मॉडेलनुसार जास्त पडतो. शेजारच्याचा सीगेट गेला म्हणून सीगेट नको, या न्यायानं गेलो तर बाजारात एकही उरणार नाही.

प्रो घ्यायचे का? आयर्नवुल्फ प्रो, रेड प्रो, एक्झॉस, यांना पाच वर्षांची वॉरंटी असते, फिरतात मिनिटाला ७२०० फेऱ्यांनी, गरम जास्त, आवाज जास्त. तुमच्या नासची नेटवर्क केबल गिगाबिटची असणार, त्यातून सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जातं, आणि आजचा साधा नास ड्राइव्ह एकटासुद्धा त्याहून जास्त देतो. म्हणजे वेगासाठी पैसे टाकून काही उपयोग नाही, केबलच अडवणार. त्यापेक्षा चालू लग्नाचं एडिटिंग कॉम्प्युटरच्या एसएसडीवर करा, झालं की नासवर टाका. वायफायवरून मात्र एडिटिंग करू नका, केबल ओढा, तेवढं तरी करा.

सीसीटीव्हीच्या ड्राइव्हबद्दल. डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, दुकानदार ते सुचवतोय कारण ते त्याच्याकडं पडलेत, आपल्याकडं गल्लोगल्ली कॅमेरे बसतायत त्यामुळं ते कुठंही मिळतात. ते वाईट नाहीत, टाकले तर आकाश कोसळणार नाही. पण ते बनवलेत कॅमेऱ्याचा व्हिडिओ चोवीस तास सलग लिहायला, जिथं एखादी फ्रेम चुकली तरी चालते पण लिहिणं थांबता कामा नये. तुमचं काम उलटं आहे, कुणाच्या तरी लग्नाची एकमेव फाइल पाच वर्षांनी जशीच्या तशी वाचायची. भावात खूप फरक असता तर विचार केला असता. सहसा तो फरक फार नसतो, मग कशाला.

दिरांचा १६ टीबी. हे जरा सविस्तर सांगतो, कारण निम्म्या भावाचा मोह मला पण कळतो. रिफर्बिश्ड या नावाखाली दोन-तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. कंपनीनं स्वतः परत घेऊन तपासून, लेबल लावून, थोड्या वॉरंटीनं विकलेला ड्राइव्ह ही एक. डेटा सेंटरमध्ये चार-पाच वर्षं अखंड फिरून निवृत्त झालेला आणि कुणीतरी पुसून खोक्यात घातलेला ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे सरळ फसवणूक. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत उघडकीला आलं की नवे म्हणून विकलेले सीगेट एक्झॉस हजारो तास वापरलेले आहेत, आतले तासांचे आकडे शून्य करून ठेवलेले. पकडले गेले ते कशानं, तर सीगेटच्या ड्राइव्हमध्ये फार्म नावाची दुसरी नोंद असते, ती पुसायची राहिली होती. तिकडं हे झालं तर आपल्याकडं अनोळखी विक्रेत्याकडून कुरिअरनं येणाऱ्या ड्राइव्हचं काय सांगावं. शिवाय बाहेरून आणलेल्या मालाला भारतात वॉरंटी मिळेलच असं नाही, कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला की दिसतं, विक्रेता तो नंबर आधी द्यायला तयार नसेल तर तिथंच सोडून द्या.

घरातल्या सिनेमांसाठी दिरांनी तो घेतला तर घेऊ दे. ज्याचे पैसे लोकांनी दिलेत त्या डेटासाठी मुख्य ड्राइव्ह म्हणून नको.

(आणि १६ टीबीचे नवे? पैसे असते तर मी म्हणालो असतो १६ चे दोन घ्या, एकाची कॉपी दुसऱ्यावर, जागा तेवढीच मिळते, दोन खाने मोकळे राहतात, वीज कमी. पण तुमचं बजेट बघता मग विट्याचा ड्राइव्ह कापला जाईल, आणि तो मी कापू देणार नाही.)

अजून एक, नास कुठल्या कंपनीचा आहे ते तुम्ही लिहिलं नाही. त्यांच्या साइटवर चालणाऱ्या ड्राइव्हची यादी असते, विकत घ्यायच्या आधी बघा. सिनॉलॉजी या नास कंपनीनं २०२५ मध्ये काही नव्या मॉडेलना आपल्याच नावाचे ड्राइव्ह लागतील असं केलं होतं, लोक भडकले, मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या सॉफ्टवेअरमधून ते मागं घेतलं. तुमचा त्यातला असेल तर आधी सॉफ्टवेअर अपडेट करा.

ड्राइव्ह घरी आला की काय करायचं. कुरिअरनं आला तर खोकं उघडायच्या आधी हलवून बघा, आत काही इकडून तिकडं आपटत असेल तर तसाच परत. ड्राइव्ह चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीत आणि चारी बाजूंनी फोम किंवा हवेच्या पिशव्यांत बसवलेला पाहिजे. नुसता एका बबल रॅपच्या थरात गुंडाळून मोठ्या खोक्यात सोडलेला असेल तर तो वाटेत किती वेळा पडला ते देव जाणे, चालू होईल, पण किती दिवस ते सांगता येणार नाही. बिल जीएसटीचं घ्या, सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. मग नासमध्ये टाकून लगेच डेटा भरायला सुरुवात करू नका, आधी स्मार्टची (ड्राइव्हनं स्वतःच स्वतःला तपासायची सोय) एक्स्टेंडेड टेस्ट लावा, ८ टीबीला बारा-चौदा तास लागतात, रात्री लावून झोपा. त्याच्यानंतर तीन आकडे बघायचे, तिन्ही ड्राइव्हवरच्या खराब जागांचे, रिअलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर आणि ऑफलाइन अनकरेक्टेबल, नव्या ड्राइव्हला तिन्ही शून्य पाहिजेत. पॉवर ऑन अवर्स पण बघा, नव्याला जेमतेम तुमच्या टेस्टएवढेच तास असले पाहिजेत. एकही गडबड दिसली तर बदलून मागा, आणि त्यासाठीच हे पहिल्या दोन-तीन दिवसांत करायचं, कारण दुकानाची बदलून द्यायची मुदत बऱ्याचदा थोड्याच दिवसांची असते, नंतर कंपनीच्या वॉरंटीत जावं लागतं आणि तिथं बदलून येतो तो बऱ्याचदा दुरुस्त केलेलाच असतो.

हेच तीन आकडे पुढं पण महिन्यातून एकदा बघत जा, किंवा नासला सांगून ठेवा टेस्ट आपोआप लावायला आणि मेल पाठवायला. पेंडिंग सेक्टर वाढायला लागले म्हणजे ड्राइव्ह आजारी पडतोय, मरायची वाट बघत बसू नका. यूडीएमए सीआरसी एरर (ड्राइव्ह आणि नासमध्ये डेटा ये-जा करतानाच्या चुका) वाढत असतील तर मात्र घाबरू नका, ते बहुतेक वेळा केबलचं नाहीतर खाच्यात नीट न बसल्याचं असतं, काढून परत घट्ट बसवा. आणि एक ड्राइव्ह मेलाच तर नवीन घातल्यावर बाकीच्यांना बारा-तेरा तास तरी पूर्ण राबावं लागतं, वर तुमचं काम चालू असेल तर आणखी जास्त. त्या वेळात दुसरा गेला तर सगळं गेलं. म्हणून आधी विट्याची कॉपी ताजी आहे ना ते बघायचं, मग ड्राइव्ह बदलायचा.

डबा कुठं ठेवायचा. वरचा मजला, पण पत्र्याखाली नको, एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडं पारा चाळीसला टेकतो आणि पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला माहितीये. ड्राइव्हचं तापमान नासमध्ये दिसतं, चाळीसच्या आसपास असलं तर छान, पन्नासला टेकायला लागला तर हवेची सोय करा. लाकडी कपाटात दार लावून ठेवू नका, मागं पंखा असतो त्याला हवा लागते, आणि महिन्याला एकदा ब्रशनं धूळ झाडा. बेडरूममध्ये पण नको, रात्री स्वतःच काहीतरी तपासायला लागला की खरखर करत बसतो, झोपमोड होते आणि मग मिस्टर तो बंद करून ठेवतात. स्टुडिओपर्यंत नेटवर्क केबल खाली सोडा, शंभर मीटरपर्यंत काही फरक पडत नाही.

यूपीएस शिवाय चालू करू नका, हे मी विनंती म्हणून सांगत नाहीये. तीन ड्राइव्हचा नास तीसेक वॉट घेतो, छोटा यूपीएस पुरतो, फक्त यूएसबी केबलनं नासशी बोलणारा घ्या, म्हणजे लाइट गेली आणि बॅटरी उतरायला लागली की नास स्वतः नीट बंद होतो. लिहिता लिहिता झटक्यात बंद पडणं हे ड्राइव्हला आणि त्याच्यावरच्या फाइल सिस्टिमला दोघांनाही सोसत नाही. बिलाची काळजी नको, चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला वीस-बावीस युनिट.

आता विट्याचं. चौथा ८ टीबी एका बाहेरच्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे एकाच ड्राइव्हच्या यूएसबी डबीत, बसवा, स्वतःचा अडॅप्टर असलेलं घ्या, मोठा ड्राइव्ह नुसत्या यूएसबीच्या करंटवर चालत नाही. नासच्या यूएसबीला लावून त्याच्या बॅकअप अॅपमधून फायनल फिल्म आणि निवडलेले फोटो त्यावर घ्या, पासवर्ड टाकून एन्क्रिप्ट करा, लोकांच्या घरातले फोटो आहेत. व्हर्जन ठेवायचा पर्याय असतो तो चालू ठेवा, म्हणजे चुकून उडवलेलं फोल्डर दोन महिन्यांनी लक्षात आलं तरी परत मिळतं. आणि मग तो माहेरी. महिन्या-दोन महिन्यांनी जाताच ना, येताना घेऊन या, ताजा करा, पुढच्या फेरीला परत. जूनच्या आधीची फेरी चुकवू नका. विट्याची जागा मला एवढ्यासाठी आवडली की तिथं कृष्णेचं पाणी यायचं तर टेंभू उपसा योजनेसारख्या पंपांनी चढवून आणावं लागतं, आपणहून ते कधी यायचं नाही. पासवर्ड मात्र भावाकडं पण लिहून ठेवा, तुमच्या डायरीच्या भरवशावर नको.

जुन्या दहा-बारा पोर्टेबल डिस्क. नासवर सगळं आलं की त्या रिकाम्या करायची, फॉरमॅट करून विकायची घाई करू नका, मिस्टर म्हणतीलच. त्या तुमच्या जुन्या डेटाची आयती दुसरी कॉपी आहेत, रॉ सकट. डायरी सापडली नाही तरी चालेल, प्रत्येक डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून नंबर आणि वर्ष लिहा, कोरड्या डब्यात घाला आणि त्याच गाडीनं विट्याला पाठवा. वर्षातून एकदा प्रत्येक लावून बघायची, नुसती पडून राहिली की कधी गेली ते पण कळत नाही. कॉपी करताना एकच लग्न दोन-तीन डिस्कवर सापडणार, ती पैज लावतो, साडेआठाचे सहा-सात टीबी होतील.

मिस्टरांच्या क्लाउडचं. ५० मेगाबिटचा अपलोड अखंड मिळाला तरी साडेआठ टीबी वर चढायला जवळजवळ १६ दिवस आणि रात्री लागतात, आणि महिन्याचं भाडं कायमचं. सगळं तिकडं नको. चालू सीझनची, अजून पार्टीला न दिलेली लग्नं तेवढी टाका, फक्त निवडलेले फोटो, कारण विट्याची फेरी व्हायच्या आधी काही झालं तर सगळ्यात जास्त अंगाशी येणार ती हीच. रिमोटनं बघता यावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून नास बाहेर मोकळा सोडू नका, वर डेडबोल्टचं सांगितलं ते असंच झालं होतं. अॅडमिन नावाचं खातं बंद करा, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

दुकानात जाल तेव्हा पैसे द्यायच्या आधी तिन्ही-चारी ड्राइव्हच्या लेबलचे फोटो काढा आणि मला पाठवा, मॉडेल नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. पिशवी फोडू नका, लेबल पिशवीतूनच वाचता येतं.